पॅनिक अटॅकवरचे उपचार: कुठून सुरुवात करायची, कोणत्या क्रमाने, आणि गाडी कुठे अडते

छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास पुरत नाही, आणि 'आता मी जाणार' याची खात्री. मग मिळेल ती रिक्षा, जवळचं हॉस्पिटल, ईसीजी, एक इंजेक्शन, 'रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका' आणि घरी. आठवड्याने पुन्हा तेच. मी दोन महिन्यांत चार ईसीजी आणि एक टूडी इको काढला. पुढे कुठे जायचं हे मात्र चारही वेळा कुणी सांगितलं नाही.

नंतर उपचार मी जवळजवळ सगळेच केले, पण उलट्या क्रमाने. गोळी आधी, निदान नंतर. लोकलने जाणं आधी बंद, त्यावर बोलणं वर्षभराने. औषध लागू पडलं तसं लगेच सोडलं. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांसोबत ओपीडीच्या बाकावर बसले आहे आणि त्याच चुका पुन्हा पुन्हा पाहते आहे. मी डॉक्टर नाही. कोणती गोळी आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. हा लेख क्रमाबद्दल आहे.

सुरू करण्याआधी एकच गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक टप्पा तिच्यावर उभा आहे. पॅनिक अटॅकमध्ये शरीर धोक्याची घंटा वाजवतं, पण समोर धोका नसतो. जिना चढल्यावर छाती धडधडते, मन म्हणतं 'अटॅक येतोय', त्या विचाराने अ‍ॅड्रेनलिन आणखी सुटतं, धडधड आणखी वाढते, आणि मनाला वाटतं आपलं खरं निघालं. ही लाट साधारण दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचते आणि मग उतरते. ती आपोआपच उतरणार असते. पण आपण तोवर पळालेले असतो, गोळी घेतलेली असते किंवा कुणाला तरी फोन केलेला असतो. 'त्यामुळे वाचलो' असं मन नोंदवून ठेवतं, आणि पुढच्या वेळी भीती तिथूनच सुरू होते.

टप्पा १: शरीराची तपासणी एकदाच, पण पूर्ण

छातीत दुखणं आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल तर ते हृदयाचंच आहे असं धरून हॉस्पिटल गाठा. १०८ ला फोन करा. 'गॅस असेल' किंवा 'टेन्शन असेल' हा निर्णय घरात बसून घ्यायचा नाही. चाळिशी ओलांडलेली असेल, डायबेटीस किंवा बीपी असेल, विडी-सिगारेट असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, दुखणं चालताना वाढत असेल, जबड्याकडे, पाठीत किंवा डाव्या हातात जात असेल, किंवा खरोखर शुद्ध हरपली असेल, तर अजिबात थांबू नका.

तो धोका टळला की शांत वेळी फिजिशियनकडे जा. इमर्जन्सीमध्ये फक्त 'आत्ता जिवाला धोका आहे का' एवढंच पाहिलं जातं, बाकीचं तिथे निघत नाही. साधारणपणे बीपी, ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडसाठी टीएसएच एवढं पाहिलं जातं. आणखी काही हवं का ते डॉक्टर सांगतील. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, हात थरथरणं, घाम आणि बेचैनी हुबेहूब अशीच असते. रक्त कमी असलं तरी जिना चढताना छाती धडधडते, आणि आपल्याकडच्या बायका हे वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

डॉक्टर विचारोत न विचारोत, या गोष्टी तुम्ही स्वतःहून सांगा:

- दम्याचा पंप, स्टेरॉइड, थायरॉइडची गोळी आणि सर्दीवर दुकानातून आणलेली गोळी. यांनी धडधड वाढू शकते.
- दिवसाला किती कप चहा-कॉफी होते, आणि त्यातले उपाशीपोटी किती.
- उपास. चतुर्थीला किंवा नवरात्रात दिवसभर नुसत्या चहावर राहून संध्याकाळी थरथर सुटली असेल तर ते महत्त्वाचं आहे.
- दारू. रात्री घेतल्यावर झोप लागते, आणि उतरताना पहाटे छातीत धडधड होऊन जाग येते. घरच्यांसमोर हे बोलता येत नसेल तर एकटे आत जा.

निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: 'हृदयाच्या बाजूने माझी तपासणी पूर्ण झाली, की अजून काही राहिलंय?' 'पूर्ण झाली' असं उत्तर मिळालं तर तसं फाइलवर लिहून घ्या.

*तपासून पाहा:* यापुढे तुमचा नियम असा: लक्षणं तीच असतील तर नवी तपासणी नाही. लक्षण नवं किंवा वेगळं असेल तर जरूर. हा नियम पाळणं हाच उपचाराचा पहिला डोस आहे. माझा पहिला नॉर्मल ईसीजी मला पंधरा दिवस पुरला, दुसरा आठवडाभर, आणि चौथा घरी पोचेपर्यंतसुद्धा नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, घरचं बीपी मशीन, घड्याळातली नाडी यांचंही तसंच होतं. डॉक्टरांनी दुसऱ्या आजारासाठी वापरायला सांगितलं नसेल, तर ही यंत्रं कपाटात ठेवून द्या.

टप्पा २: दोन आठवड्यांची वही

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. मग डॉक्टरांसमोर दहा मिनिटं मिळतात आणि त्यातली आठ 'कसंतरीच होतं' सांगण्यात जातात.

साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक प्रसंगाची नोंद अशी करा: तारीख आणि वेळ, कुठे होते, आधीच्या तासात काय झालं, शरीरात सगळ्यांत आधी काय जाणवलं, त्या क्षणी मनात आलेलं वाक्य, किती मिनिटं टिकलं, तेव्हा काय केलं, आणि त्यामुळे पुढे काय टाळलं.

माझ्या वहीतली एक नोंद: 'मंगळवार, सकाळी ९:१०. ठाणे स्टेशनचा पूल. नाश्ता नाही, दोन चहा. आधी मानेत गरम झालं, मग धडधड. वाक्य: गाडीत पडले तर कुणी उचलणार नाही. बारा मिनिटं. परत घरी आले. ऑफिसला कळवलं, पित्त झालंय.'

सगळ्यांत जास्त शेवटचे दोन रकाने बोलतात. अटॅक महिन्यातून तीन येत असतील, पण त्यांच्या भीतीने माणूस रोज काहीतरी सोडत असतो. आधी लोकल, मग लिफ्ट, मग लग्नाचे हॉल, मग एकटीने घरात राहणं. आजार किती पसरलाय ते इथे दिसतं.

वही भरत आली की साधारण कळतं की आपण कुठल्या गटात बसतो. निदान डॉक्टरांचंच, पण ढोबळ फरक माहीत असावेत, कारण पुढचे उपचार त्यावर बदलतात. अचानक, कारण नसताना लाट येते आणि त्यानंतर महिनाभर किंवा जास्त 'पुन्हा येईल' हीच धास्ती राहते, तर तो पॅनिक डिसऑर्डर. लाट अशी येत नाही, पण सहा महिन्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस पोरांची, पैशांची, तब्येतीची चिंता डोक्यात फिरत राहते, झोप मोडते, मान-खांदे आखडतात, तर ती सर्वसाधारण चिंता विकृती, म्हणजे जीएडी. चारचौघांत बोलताना किंवा जेवताना 'लोक काय म्हणतील' याने हात कापतात ती सोशल अँग्झायटी. गर्दी, गाडी, बंद जागा यांतून पटकन निसटता येणार नाही म्हणून त्या टाळणं म्हणजे अ‍ॅगोराफोबिया. पॅनिकसोबत तो बऱ्याचदा असतो. पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं (ओसीडी) आणि अपघात किंवा अत्याचारानंतरची भीती (पीटीएसडी) या दोन्ही गोष्टी आता निदानाच्या पुस्तकात वेगळ्या गटांत आहेत आणि त्यांची थेरपीही वेगळ्या पद्धतीने होते. तसं काही असेल तर लपवू नका.

जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची यादी मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलेलं असतं, गुण ० ते २१. दहा किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायला हवं. तेवढाच तिचा उपयोग. तिच्यावरून स्वतःचं निदान करू नका.

*इशारा:* जगणं नको वाटत असेल, जीव देण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी घरात एकाला सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

टप्पा ३: कुणाकडे जायचं आणि काय विचारायचं

इथे नावांचा गोंधळ होतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ: एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. निदान करणं आणि औषध देणं त्यांचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, थेरपी करतात. त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारण्यात काही गैर नाही. 'काउन्सेलर' ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं. चांगले समुपदेशक पुष्कळ आहेत, पण शिक्षण विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

पॅनिकसाठी दोन उपचार पक्के उपयोगी ठरलेले आहेत: सीबीटी नावाची थेरपी (भीतीचे विचार आणि टाळण्याच्या सवयी टप्प्याटप्प्याने बदलायला शिकवणारी) आणि एसएसआरआय गटातली औषधं (नैराश्य आणि चिंतेवर रोज घ्यायच्या गोळ्या). सौम्य असेल तर एकाने भागतं, जास्त असेल तर दोन्ही लागतात. थेरपिस्ट निवडताना तीन प्रश्न विचारा. तुम्ही सीबीटी करता का? ज्या गोष्टी मी टाळते त्या हळूहळू करायला लावता का? दोन भेटींच्या मध्ये घरी करायला काही देता का? तिन्हींचं उत्तर 'हो' हवं. साधारण बारा ते सोळा भेटी धरून चला. दर आठवड्याला जाऊन फक्त मन मोकळं केलं तर हलकं वाटतं, पण लोकलची भीती तशीच राहते. माझे पहिले सात महिने असेच गेले.

खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार ओपीडीची चौकशी करा. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे आणि पुण्यात ससून इथे हा विभाग आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मनोविकार संस्था आहे. 'मेंटलच्या हॉस्पिटलात' ओपीडीला गेलं म्हणून कुणी दाखल करून घेत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. गावाकडून इतक्या लांब जाणं होत नसेल तर टेली-मानसवरच जवळची सोय विचारा.

अंगारा लावायचा असेल, नवस बोलायचा असेल, तर बोला. मनाला आधार लागतो. फक्त त्यासाठी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नका.

*सोबत न्यायचं:* वही, तपासण्यांची फाइल, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (आयुर्वेदिकसुद्धा), आणि गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते.

टप्पा ४: औषधाचे पहिले सहा आठवडे

सगळ्यांत जास्त माणसं या टप्प्यावर गळतात, म्हणून इथे जरा थांबू.

एसएसआरआय म्हणजे सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, पॅरॉक्सेटिन वगैरे. यांची सवय लागत नाही, म्हणजे डोस वाढवत नेण्याची ओढ तयार होत नाही. पण हे औषध डोकेदुखीच्या गोळीसारखं तासाभरात काम करत नाही. फरक दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. पॅनिकच्या रुग्णाला डॉक्टर मुद्दाम कमी डोसवर सुरू करतात: सर्ट्रालिन बहुतेकदा २५ मिलिग्रॅम, एस्सिटॅलोप्रॅम ५ मिलिग्रॅम, आणि मग वाढवत नेतात. याचं कारण असं की पहिले आठ-दहा दिवस बेचैनी आणि धडधड उलट वाढू शकते.

हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस तिसऱ्या दिवशी म्हणतो 'गोळी मला सोसत नाही' आणि थांबतो. मीही थांबले होते. मळमळ, डोकं दुखणं, पोट बिघडणं, झोपेत बदल हे बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत ओसरतं. लैंगिक इच्छा कमी होणं किंवा त्यात अडचण येणं मात्र टिकू शकतं. लाज वाटून गोळी गुपचूप बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं.

*इशारा:* पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला, आणि डोस बदलताना, जीव देण्याचे विचार वाढू शकतात. घरच्यांनी या दिवसांत लक्ष ठेवावं. रात्र-रात्र झोप नाही तरी अंगात भलताच उत्साह, अखंड बोलणं, पैसे उधळणं असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

आता दुसरी गोळी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. वीस मिनिटं ते तासाभरात शांत वाटतं, म्हणून ती सगळ्यांना आवडते. एसएसआरआय लागू पडेपर्यंत, थोडे आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीत तिचा उपयोग आहे. त्यापुढे शरीराला तिची सवय लागते. अल्प्राझोलाम शेड्यूल एच१ मध्ये येतं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि दुकानदाराला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते. तरीही 'ओळखीचा केमिस्ट देतो' हे मी किती घरांत ऐकलंय. ओळखीच्या केमिस्टकडून, शेजारच्या काकूंच्या पाकिटातून, भावाच्या चिठ्ठीवर ही गोळी घेऊ नका. दारूसोबत तर कधीच नाही. श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. आणि महिनोन्‌महिने रोज घेत असाल तर आज हे वाचून उद्या एकदम बंदही करू नका. एकदम थांबवल्याने फिट येऊ शकते. हळूहळू कसं उतरायचं ते डॉक्टर लिहून देतील.

प्रोप्रॅनोलॉल या धडधड कमी करणाऱ्या गोळीबद्दल बरेच जण विचारतात. स्टेजवर बोलण्याआधीची थरथर कमी करायला ते कधी दिलं जातं. पॅनिक डिसऑर्डरचा तो मुख्य उपचार नाही, आणि दमा असलेल्यांना ते धोक्याचं आहे.

रोज ठरावीक वेळी गोळी घ्या. उपासाच्या दिवशीही. दिवस गेल्याचं कळलं तर घाबरून गोळी बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

*तपासून पाहा, सहाव्या आठवड्यात:* वही उघडा. अटॅकची संख्या पाहा, पण त्याहून जास्त 'काय टाळलं' हा रकाना पाहा. संख्या कमी आणि टाळणं तेवढंच असेल तर पुढचे टप्पे तुम्हाला फार लागणार आहेत. काहीच फरक नसेल तर डॉक्टर न बदलता त्यांनाच सांगा. डोस वाढवायची किंवा औषध बदलायची वेळ झाली असेल.

टप्पा ५: लाट आली की काय करायचं

उत्तर थोडक्यात असं: शक्य तितकं कमी.

१. जिथे असाल तिथेच थांबा. गाडी चालवत असाल तर ती सुरक्षितपणे बाजूला घ्या.
२. मनात नाव द्या: 'हा पॅनिक आहे. तपासणी झालेली आहे. हा चढेल आणि उतरेल.' एकदाच म्हणा. जप करत बसू नका.
३. श्वास खोल ओढू नका. घाबरल्यावर आपण आधीच जास्त श्वास घेत असतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि त्यामुळेच मुंग्या येतात, गरगरतं. नाकाने हलका श्वास, सोडताना थोडा जास्त वेळ. तोंडाला कागदी पिशवी लावू नका.
४. जे करत होता तेच, हळू का होईना, चालू ठेवा. भाजी चिरत असाल तर भाजी.
५. लाट उतरल्यावरच जागा सोडा.

'मी चक्कर येऊन पडेन' ही भीती फार जणांना असते. बेशुद्ध पडायला बीपी खाली यावं लागतं, आणि पॅनिकमध्ये ते सहसा वर गेलेलं असतं. रक्त किंवा सुई बघून पडणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचं बीपी खरंच घसरतं; त्यांना थेरपिस्ट अंगाचे स्नायू आवळून धरायचं तंत्र शिकवतात.

घरच्यांनी वाचायचं

'काही नाही गं, मनाचे खेळ आहेत' म्हणू नका. तिची धडधड खरी आहे. आणि 'नको जाऊस, मी आणतो' हेही म्हणू नका. माझा नवरा पाच महिने मला रोज ऑफिसला सोडायला आला. प्रेमानेच आला. पण त्या पाच महिन्यांत मी एकटी रस्ता ओलांडायलाही घाबरायला लागले. लाट आली की शेजारी शांत बसा, दर मिनिटाला 'आता कसं वाटतंय' विचारू नका, पाणी-वारा-कांदा असा गोंधळ घालू नका. उतरल्यावर जे ठरलं होतं ते पुढे चालू ठेवायला सांगा.

टप्पा ६: धडधड मुद्दाम आणायची

हा टप्पा ऐकल्यावर सगळे नाही म्हणतात. मला मात्र सगळ्यांत जास्त फायदा याचाच झाला. आपल्याला लोकलची भीती नसते, लोकलमध्ये होणाऱ्या धडधडीची असते. म्हणून ती धडधड आधी घरात, सुरक्षित जागी, आपणच आणायची.

*इशारा:* हृदयविकार, दमा, फिट येण्याचा आजार, गरोदरपण, मानेचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. पहिल्यांदा थेरपिस्टसमोरच करा.

एका जागी जोरात धावणं, एक मिनिट: धडधड. खुर्चीत बसून गोल फिरणं, एक मिनिट: गरगर. मुद्दाम जोरजोरात श्वास घेणं, एक मिनिट: मुंग्या आणि सगळं खोटं-खोटं वाटणं. नाक धरून बारीक स्ट्रॉने श्वास घेणं, दोन मिनिटांपर्यंत: गुदमरणं. प्रत्येक प्रकारानंतर वहीत दोन आकडे लिहा, दोन्ही दहापैकी: हे अटॅकसारखं किती वाटलं आणि भीती किती वाटली. जे सगळ्यांत जास्त अटॅकसारखं वाटतं ते निवडा आणि रोज तीन-चार वेळा करा.

करून झाल्यावर लगेच पाणी पिऊ नका, फॅनखाली जाऊ नका, नाडी बघू नका. बसून राहा आणि शरीर आपोआप जागेवर येतं ते बघा. लोक नेमके इथे चुकतात: व्यायाम करतात आणि लगेच स्वतःला 'वाचवतात'. मग मनाची जुनी नोंद तशीच राहते. भीतीचा आकडा दोन-तीनवर आला आणि तुम्हाला कंटाळा यायला लागला की पुढे जा.

टप्पा ७: टाळलेल्या गोष्टींच्या पायऱ्या

वहीतल्या 'काय टाळलं' रकान्यातून एक गोष्ट घ्या. एकच. तिच्या आठ-दहा पायऱ्या करा, सोपीपासून अवघडपर्यंत. माझी लोकलची यादी साधारण अशी होती:

१. ठाणे स्टेशनच्या पुलावर वीस मिनिटं उभं राहणं.
२. प्लॅटफॉर्मवर चार गाड्या जाऊ देणं.
३. दुपारी स्लो गाडीने मुलुंडपर्यंत, नवऱ्यासोबत.
४. तेच, एकटीने.
५. भांडुपपर्यंत, दारापासून लांब उभं राहून.
६. घाटकोपरपर्यंत, पाण्याची बाटली घरी ठेवून.
७. दादरपर्यंत स्लो, पर्समधली गोळी घरी ठेवून.
८. दादरपर्यंत फास्ट, दुपारी.
९. सकाळी साडेआठची फास्ट, लेडीज डब्यात, नवऱ्याला आधी फोन न करता.

गावात एसटी असेल, बाजार असेल, बँकेची रांग असेल, रीत तीच.

प्रत्येक वेळी निघण्याआधी भाकीत लिहा: 'मी नाहूरच्या आत बेशुद्ध पडेन, खात्री ८० टक्के.' आल्यावर काय झालं ते लिहा. 'भीती वाटली का' हा प्रश्नच नाही, भीती वाटणारच. भाकीत खरं ठरलं का, एवढंच बघायचं. अशी वीस भाकितं माझ्याकडे जमली आणि त्यातलं एकही खरं ठरलं नव्हतं. तो कागद माझ्यासाठी चार ईसीजींपेक्षा मोलाचा ठरला.

उतरायचं स्टेशन आधी ठरवा आणि तिथेच उतरा, भीती कमी झाली असो वा नसो. मध्येच उतरलात तर स्वतःला बोल लावू नका, पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एक पायरी खालून पुन्हा करा. आठवडा जाऊ देऊ नका. पायरी आठवड्यातून चार-पाचदा झाली पाहिजे. रविवारी एकदा धाडस करून सहा दिवस घरी बसल्याने काही शिकलं जात नाही.

*नेहमीच्या चुका:* निघण्याआधी अल्प्राझोलाम घेणं (मग मन म्हणतं, गोळीमुळे झालं). कानात गाणी लावून, डोळे मिटून, स्टेशनं मोजत जाणं. पहिल्या आठवड्यातच नववी पायरी. आणि 'बरं वाटलं की मग जाईन' असं म्हणत थांबणं. बरं वाटणं जाण्यातूनच येतं.

टप्पा ८: औषध थांबवणं, आणि पुन्हा लाट आली तर

बरं वाटायला लागल्यावर किमान सहा महिने, बऱ्याचदा वर्षभर औषध चालू ठेवायला सांगतात. मी तिसऱ्या महिन्यात थांबवलं होतं, दिवाळीच्या गडबडीत, एकदम. चार दिवसांत गरगर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, चिडचिड. मला वाटलं आजार उलटला. तो औषध एकदम सोडल्याचा परिणाम होता, आणि मी त्या घाबरण्यात खरोखरच पुन्हा मागे गेले.

थांबवायचं ते डॉक्टरांशी ठरवून, आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या पायऱ्यांनी, डोस थोडा थोडा उतरवत. वेळ बघून: बाळंतपण, परीक्षा, नवी नोकरी, घरातलं आजारपण सुरू असताना नको. आणि सातव्या टप्प्यातल्या पायऱ्या पूर्ण झाल्याशिवाय तर नकोच.

उतरवताना पहिल्या आठवड्यात जे होतं ते बहुतेक औषध कमी झाल्याचं असतं आणि ओसरतं. आठवडे उलटल्यावर जुनी धास्ती, जुनं टाळणं परत येत असेल तर तो आजार परत येतोय; डॉक्टरांना कळवा.

वर्षा-दोन वर्षांनी एखादी लाट अचानक येऊ शकते. मला आली, कुर्ला आणि सायनच्या मध्ये, गाडी उभी असताना. तसं झालं तर त्या दिवशी तीनच कामं करा. ईसीजीला जाऊ नका, लक्षणं जुनीच असतील तर. वहीत नोंद करा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळची तीच गाडी पकडा.